गाडी एकाची, रूळ दुसऱ्याचे, पैसा जनतेचा : जर्मनीतली प्रादेशिक रेल्वे ठेक्यावर कशी चालते?

महाराष्ट्रातून उच्च शिक्षणासाठी जर्मनीत जाणाऱ्या मुलामुलींची संख्या गेल्या काही वर्षांत वाढली आहे आणि त्यात आपल्या घरांतली मुलंही आहेत. कुणी डॉर्टमुंडला इंजिनिअरिंग करतंय, कुणी श्टुटगार्टला नोकरी. घरी फोन आला की अभ्यास, जेवण आणि थंडीनंतर हमखास एक विषय निघतो : ट्रेन. "आज पुन्हा गाडी रद्द झाली." इकडे आई-वडिलांना प्रश्न पडतो की जर्मनीसारख्या देशात असं कसं? आणि मुलगा जेव्हा सांगतो की गाडी चालवणारी कंपनी सरकारी रेल्वे नाहीच, वेगळीच कुठली तरी ठेकेदार कंपनी आहे, तेव्हा गोंधळ आणखी वाढतो.

ही व्यवस्था नेमकी कशी आहे, पैसे कोण देतं, ठेकेदार बुडाला तर दुसऱ्या दिवशी गाडी येते की नाही, आणि या सगळ्यातून आपल्या राज्याने काय शिकावं, हे आम्ही इथे सोप्या भाषेत मांडत आहोत.

सुरुवात कुठून झाली?

दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीचे दोन तुकडे झाले, तसे रेल्वेचेही झाले. पश्चिमेत डॉइच बुंडेसबान, पूर्वेत डॉइच राइक्सबान. देश एक झाल्यावर १ जानेवारी १९९४ रोजी दोन्ही रेल्वे एकत्र करून डॉइच बान ही कंपनी स्थापन झाली. तिची मालकी आजही केंद्र सरकारकडे आहे.

त्यानंतर दोनच वर्षांनी, १९९६ मध्ये, दुसरा मोठा बदल झाला. लांब पल्ल्याच्या गाड्या आणि रोजच्या ये-जा करणाऱ्या प्रादेशिक गाड्या यांची जबाबदारी वेगळी करण्यात आली. लांब पल्ल्याची गाडी धंदा म्हणून चालवायची, त्यात नफा-तोटा कंपनीचा. पण गावाहून शहराला, उपनगरातून कारखान्याला, घरातून कॉलेजला नेणारी गाडी ही लोकांची गरज मानली गेली. ती तिकिटाच्या पैशांवर चालत नाही हे सरकारने मान्य केलं आणि तिची जबाबदारी राज्यांकडे सोपवली. त्यासाठी केंद्र दरवर्षी राज्यांना ठरलेला निधी देतं. २०१६ मध्ये हा निधी ८ अब्ज युरोंच्या आसपास होता, आता तो १० अब्जांच्या वर गेला आहे.

म्हणजे आपला मुलगा ज्या लोकल गाडीत बसतो तिचा खर्च बऱ्याच अंशी करदात्यांच्या पैशातून भागतो. पुढचं सगळं गणित या एका गोष्टीवर उभं आहे.

या खेळातले चार खेळाडू

पहिला खेळाडू म्हणजे गाडीची ऑर्डर देणारा. जर्मन भाषेत त्याला 'आउफगाबेनट्रेगर' म्हणतात, म्हणजे कामाची जबाबदारी वाहणारा. ही राज्य सरकारची किंवा अनेक शहरं-जिल्हे मिळून केलेली सार्वजनिक संस्था असते. देशभरात अशा पंचवीसहून जास्त संस्था आहेत. बव्हेरियात एक, लोअर सॅक्सनीत एक मोठी, तर नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालियात एकापेक्षा जास्त. एसेन, डॉर्टमुंड, ड्युसेलडॉर्फ या औद्योगिक पट्ट्यात हे काम ऱ्हाइन-रूर वाहतूक संघ करतो. त्याला सगळे व्हीआरआर म्हणतात. कुठल्या मार्गावर, किती वाजता, किती डब्यांची गाडी धावेल हे ही संस्था ठरवते.

दुसरा खेळाडू म्हणजे गाडी चालवणारी कंपनी. यात डॉइच बानचीच डीबी रेगिओ ही शाखा सर्वांत मोठी आहे. प्रादेशिक गाड्यांच्या एकूण धावेपैकी साधारण दोन तृतीयांश तिच्याकडे आहे. बाकीचा वाटा इतर कंपन्यांचा. गंमत म्हणजे या 'खासगी' म्हटल्या जाणाऱ्या कंपन्यांतल्या काही दुसऱ्या देशांच्या सरकारी रेल्वेच्या पोटकंपन्या होत्या. अबेलिओ ही नेदरलँड्सच्या सरकारी रेल्वेची, तर केओलिसमध्ये फ्रेंच सरकारी रेल्वेचा मोठा वाटा.

तिसरा खेळाडू रुळांचा आणि स्टेशनांचा मालक. बहुतेक जाळं डॉइच बानच्याच पायाभूत सुविधा कंपनीकडे आहे. १ जानेवारी २०२४ पासून तिचं नाव डीबी इन्फ्रागो झालं. गाडी चालवणाऱ्या प्रत्येक कंपनीला, मग ती डीबी रेगिओ का असेना, रूळ वापरण्याचं किलोमीटरमागे भाडं आणि स्टेशनावर थांबण्याचं थांब्यामागे शुल्क द्यावं लागतं. हे दर मनमानी होऊ नयेत म्हणून त्यावर केंद्राच्या नियामक संस्थेची नजर असते.

चौथा खेळाडू म्हणजे डबे पुरवणारा. कधी कंपनी स्वतः कर्ज काढून गाड्या विकत घेते, कधी भाड्याने घेते. पण काही ठिकाणी ऑर्डर देणारी संस्थाच गाड्या विकत घेते आणि ठेकेदाराला चालवायला देते. हा तपशील बारीक वाटतो, पण संकटाच्या वेळी तोच सर्वांत महत्त्वाचा ठरला. तो कसा, ते पुढे पाहू.

टेंडर कसं निघतं?

सुरुवातीला बऱ्याच राज्यांनी टेंडर न काढता थेट डीबी रेगिओशीच करार केले. २०११ च्या फेब्रुवारीत जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने निकाल दिला की असे मोठे करार साधारणपणे स्पर्धेतूनच दिले पाहिजेत. तो दावा व्हीआरआर आणि डीबी रेगिओ यांच्या कराराविरुद्ध होता आणि दावा करणारी कंपनी होती अबेलिओ. हे नाव लक्षात ठेवा.

युरोपीय संघाचा २००७ चा नियम क्रमांक १३७० याच विषयावर आहे. त्यानुसार रेल्वेचा सेवा करार साधारणपणे १५ वर्षांपर्यंतच असू शकतो; कंपनीने मोठी गुंतवणूक केली असेल तर मुदत आणखी निम्म्याने वाढवता येते. डिसेंबर २०२३ पासून स्पर्धा टाळून थेट करार देण्याच्या वाटा आणखी अरुंद झाल्या आहेत.

टेंडर निघाल्यापासून पहिली गाडी धावेपर्यंत काही वर्षं जातात, कारण नवे डबे बनवायला, त्यांना मंजुरी मिळायला आणि चालक तयार करायला वेळ लागतो. नवा ठेकेदार सहसा डिसेंबरच्या मध्याला, युरोपभर वेळापत्रक बदलतं त्या दिवशी, काम सुरू करतो. शनिवारी रात्री जुन्या कंपनीची शेवटची गाडी आणि रविवारी पहाटे त्याच रुळांवर नव्या कंपनीची पहिली.

पैसे कशाचे मिळतात?

करार दोन प्रकारचे असतात.

एका प्रकारात तिकिटाचा सगळा पैसा ऑर्डर देणाऱ्या संस्थेकडे जातो आणि कंपनीला गाडी चालवण्याचा ठरलेला दर मिळतो, म्हणजे अमुक किलोमीटर गाडी धावली की अमुक युरो. गाडी रिकामी गेली तरी कंपनीचं नुकसान नाही, भरून गेली तरी जास्त फायदा नाही. याला ढोबळ करार म्हणू.

दुसऱ्या प्रकारात तिकिटाचा पैसा कंपनीच ठेवते आणि जो खड्डा उरतो तेवढाच सरकार भरून देतं. याला निव्वळ करार म्हणू. इथे प्रवासी वाढवण्यात कंपनीचा स्वार्थ असतो, पण प्रवासी घटले तर तोटाही तिचाच. कोरोनाच्या काळात गाड्या ओस पडल्या तेव्हा या करारांची हालत काय झाली असेल, ते सांगायला नको. सरकारांना वेगळी मदत द्यावी लागली.

ढोबळ करार मुंबईकरांना नवा नाही. बेस्टने गेल्या काही वर्षांत ज्या 'वेट लीज' बसगाड्या घेतल्या त्यात बस ठेकेदाराची, ड्रायव्हर ठेकेदाराचा, कंडक्टर आणि तिकिटाचा पैसा बेस्टचा, आणि ठेकेदाराला किलोमीटरमागे दर. तत्त्व तेच आहे.

करारात दंडाची कलमं असतात. गाडी रद्द झाली तर त्या फेरीचे पैसे कापले जातात, वर दंडही लागतो. गाडी उशिरा आली, डबे कमी जोडले, स्वच्छता नसली, ठरलेला कर्मचारी गाडीत नसला, तर प्रत्येकाचा हिशेब. उलट पंधरा वर्षांत पगार, वीज आणि डिझेल महागणार हे गृहीत धरून दर वाढवण्याचं सूत्र लिहिलेलं असतं. ठरलेला सरकारी निर्देशांक जितका वाढेल तितका दर वाढेल. वाद पेटला तो या सूत्रावरूनच.

अबेलिओचं काय झालं?

अबेलिओने एकामागून एक टेंडरं जिंकली. रूर पट्टा, सॅक्सनी-अनहाल्ट, थुरिंगिया, श्टुटगार्टचा परिसर. जर्मनीत तिची सुमारे ३ हजार माणसं कामाला होती. दर कमी भरून कामं मिळाली, पण काही वर्षांतच हिशेब जुळेना. कंपनीचं म्हणणं साधारण असं होतं :

पहिलं, पगार करारातल्या निर्देशांकापेक्षा जास्त वेगाने वाढले. त्यातच रेल्वे संघटनांनी कर्मचाऱ्यांना पगारवाढीऐवजी जास्त सुट्टी किंवा कमी तास निवडायचा हक्क मिळवून दिला आणि अनेकांनी सुट्टी निवडली. कामगारांच्या दृष्टीने ही चांगली गोष्ट, पण तेवढीच गाडी चालवायला जास्त माणसं लागू लागली आणि त्याचा भार करारात कुठेच धरलेला नव्हता.

दुसरं, रुळांची कामं प्रचंड वाढली. रूळ बंद असले की गाडी रद्द आणि बदली बस लावायची जबाबदारी गाडी चालवणाऱ्या कंपनीवर. रूळ दुसऱ्याचे, काम दुसऱ्याचं, खर्च आणि कपात मात्र आपल्याच अंगावर, अशी तिची तक्रार होती.

तिसरं, डबे वेळेवर आले नाहीत. श्टुटगार्टच्या मार्गांवर २०१९ मध्ये अबेलिओने काम सुरू केलं तेव्हा कारखान्याकडून नव्या गाड्या पोहोचल्याच नव्हत्या. भाड्याच्या जुन्या गाड्या लावाव्या लागल्या.

ऑर्डर देणाऱ्या संस्थांचं उत्तरही साधं होतं : दर तुम्हीच भरला होता. आता जास्त पैसे दिले तर ज्यांनी खरा खर्च धरून जास्त दर भरला आणि टेंडर गमावलं, त्यांच्यावर अन्याय नाही का? आणि जनतेचा पैसा टेंडरच्या बाहेर वाटण्याचा अधिकार आम्हाला कुणी दिला?

दोन्ही बाजूंत तथ्य होतं. वाटाघाटी फसल्या आणि ३० जून २०२१ रोजी अबेलिओच्या जर्मन कंपन्यांनी दिवाळखोरीतल्या संरक्षण प्रक्रियेसाठी न्यायालयात अर्ज केला.

दुसऱ्या दिवशी गाडी आली का?

प्रवाशाच्या दृष्टीने खरा प्रश्न हाच. उत्तर राज्यागणिक वेगळं मिळालं.

बाडेन-व्युर्टेंबर्गमध्ये राज्याच्या मालकीच्या वाहतूक कंपनीने २०२२ च्या सुरुवातीला अबेलिओची तिथली कंपनी विकत घेतली. माणसं तीच, गाड्या त्याच, मालक बदलला. मध्य जर्मनीत सुधारित करारांवर अबेलिओच चालू राहिली. नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालियात मात्र तडजोड झाली नाही. ३१ जानेवारी २०२२ ला तिथलं अबेलिओचं काम संपलं आणि १ फेब्रुवारीला डीबी रेगिओ, नॅशनल एक्स्प्रेस आणि व्हियास या तीन कंपन्यांनी मार्ग वाटून घेतले.

हे एवढ्या लवकर होऊ शकलं कारण युरोपीय नियमात तातडीच्या कराराची सोय आहे. सेवा खंडित होण्याचा धोका असेल तर टेंडर न काढता जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी थेट काम देता येतं. नव्या कंपन्यांनी जुन्या कंपनीतल्या लोकांना नोकरीचे प्रस्ताव दिले, कारण चालकांशिवाय त्यांचंही चालणार नव्हतं. तरीही सुरुवातीच्या काळात काही मार्गांवर फेऱ्या कमी राहिल्या आणि प्रवाशांनी त्रास सोसला. आणि तातडीने दिलेलं काम जुन्या टेंडरच्या दरात मिळत नाही. स्वस्तातला ठेका शेवटी महागच पडला.

आता तो डब्यांचा तपशील. रूर पट्ट्यातल्या ऱ्हाइन-रूर एक्स्प्रेस या जलद गाड्या सीमेन्सने बनवल्या, पण त्यांची मालकी ऑर्डर देणाऱ्या संस्थांकडे ठेवली होती आणि ३२ वर्षांच्या देखभालीची जबाबदारी सीमेन्सवर होती. ठेकेदार गेला तरी गाड्या जागेवर राहिल्या. फक्त चालवणारा बदलला. गाड्या ठेकेदाराच्या मालकीच्या असत्या तर त्या कर्ज देणाऱ्या बँकांच्या ताब्यात अडकल्या असत्या.

एकटी अबेलिओच नव्हे

रूर पट्ट्यातल्याच एस-१ आणि एस-४ या दोन उपनगरी मार्गांचं काम केओलिसला मिळालं होतं. डिसेंबर २०१९ ला सुरुवात व्हायची होती. पण सप्टेंबर आला तरी पुरेसे चालक तयार होईनात. शेवटी व्हीआरआरने तो करारच मोडला आणि मार्ग डीबी रेगिओकडेच राहिले. २०२१ च्या अखेरीस केओलिसने जर्मनीतला आपला प्रादेशिक रेल्वेचा पसारा पूर्णच सोडला.

चालकांची टंचाई ही आजही मोठी अडचण आहे. दुसऱ्या क्षेत्रातून आलेल्या माणसाला प्रशिक्षण द्यायला वर्षाच्या आसपास काळ जातो. त्यानंतरही प्रत्येक प्रकारची गाडी आणि प्रत्येक मार्ग वेगळा शिकावा लागतो. म्हणून एका कंपनीचा चालक उद्या दुसऱ्या मार्गावर उभा करता येत नाही. मुलगा सांगतो ती 'चालक आजारी असल्याने गाडी रद्द' अशी घोषणा बहुतेक वेळा या टंचाईतून येते.

मुलं तिकडे असतील तर हे माहीत असावं

१ मे २०२३ पासून जर्मनीत 'डॉइचलँड तिकीट' सुरू आहे. एका मासिक पासात देशभरातल्या प्रादेशिक गाड्या, मेट्रो, ट्राम आणि शहर बस. कंपनी कुठलीही असो, पास चालतो. सुरुवातीला किंमत ४९ युरो होती, जानेवारी २०२५ पासून ५८ आणि जानेवारी २०२६ पासून ६३ युरो. त्याचा तोटा भरून काढायला केंद्र आणि राज्यं दरवर्षी प्रत्येकी दीड अब्ज युरो घालतात. बऱ्याच विद्यापीठांत विद्यार्थ्यांना हा पास सवलतीत मिळतो, ते आधी विचारून घ्यावं.

नव्याने गेलेल्या मुलांची चूक इथे होते : आयसीई, आयसी अशा लांब पल्ल्याच्या गाड्यांत हा पास चालत नाही. लोकल गाडीत वैध तिकीट नसेल तर दंड ६० युरो आहे. पास दर महिन्याला आपोआप पुढे चालू राहतो. बंद करायचा असेल तर त्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत कळवावं लागतं, नाहीतर पुढच्या महिन्याचे पैसे कापले जातात. सुट्टीत घरी येणाऱ्या मुलांनी हे ध्यानात ठेवावं.

तक्रार कुठे करायची? गाडीवर जिचं नाव आहे त्या कंपनीकडे आधी, आणि समाधान झालं नाही तर त्या भागातल्या वाहतूक संघाकडे. संघाला कंपनीवर दंड लावायचा अधिकार आहे, त्यामुळे प्रवाशाच्या तक्रारीला तिथे वजन असतं. नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालियात तर गाडी निघायला २० मिनिटं किंवा जास्त उशीर होत असेल आणि दुसरी सोय नसेल, तर ठरावीक मर्यादेपर्यंत टॅक्सीचं भाडं परत मागता येतं. पावती जपून ठेवायची आणि अर्ज मुदतीत करायचा.

आपल्या राज्याला यातून काय?

मुंबईची लोकल मध्य आणि पश्चिम रेल्वे चालवतात आणि दोन्ही केंद्राच्या रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली आहेत. लोकलच्या विस्ताराच्या प्रकल्पांत महाराष्ट्र सरकार निम्मा खर्च उचलतं. पण कुठली गाडी किती वाजता सुटेल हे ठरवण्याचा, किंवा गाडी रद्द झाली म्हणून पैसे कापण्याचा हक्क राज्याकडे नाही. जर्मनीत पैसे देणारं राज्य ऑर्डरही देतं आणि जाबही विचारतं.

भारतात ठेकेदारीचा प्रयत्न झाला नाही असं नाही. जुलै २०२० मध्ये रेल्वेने १०९ मार्गांवर १५१ खासगी गाड्यांसाठी कंपन्यांकडून अर्ज मागवले. सवलतीची मुदत ३५ वर्षं होती. पण प्रत्यक्ष बोली लावायला जेमतेम दोन कंपन्या पुढे आल्या आणि योजना गुंडाळावी लागली. तिकिटातून कमवा आणि वर रेल्वेला वाटाही द्या, असं ते गणित होतं. जर्मनीत प्रवासी गाडी तोट्यातच चालणार हे आधी मान्य करून मग ठेका दिला जातो. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

बसच्या बाबतीत मात्र आपण त्या रस्त्यावर आधीच आहोत. ऑगस्ट २०२३ मध्ये बेस्टच्या वेट लीज बसगाड्यांवरच्या ठेकेदारी चालकांनी पगारासाठी संप केला आणि मुंबईकरांचे अनेक दिवस हाल झाले. त्याआधी काही ठेकेदार मुदतीआधीच काम सोडून गेले होते. कमी दराचं टेंडर, न परवडणारा पगार, मग संप, मग प्रवासी रस्त्यावर : रूर पट्ट्यातली कहाणी थोड्याफार फरकाने इथेही घडली.

म्हणून उद्या आपल्या शहरात बस, मेट्रो किंवा रेल्वे ठेक्याने देण्याची घोषणा झाली तर नगरसेवकाला, आमदाराला काही साधे प्रश्न विचारायला हवेत. तिकिटाचा पैसा कुणाकडे जाणार? चालकाचा पगार वाढला तर तो भार करारात धरला आहे का? गाडीची मालकी कुणाची? ठेकेदार पळाला तर दुसऱ्या दिवशी गाडी कोण चालवणार, हे कागदावर लिहिलं आहे का? आणि तो करार लोकांना वाचायला मिळणार का?

करातून गोळा झालेला पैसा ही सगळ्यांची अमानत आहे, आणि सकाळच्या गाडीवर कुणाची तरी रोजी-रोटी, कुणाची तरी परीक्षा अवलंबून असते. या प्रश्नांची लेखी उत्तरं सही होण्याआधी मागितली तरच उपयोग. कारण एकदा करार झाला की पुढची दहा-पंधरा वर्षं त्यातली प्रत्येक चूक प्रवाशालाच भोगावी लागते.